दोन डाव्या बाह्या

...आणि वर मलाच म्हणतो, "हात हलव. नुसते पाय आपटून रक्तात काही उतरत नसतं." आता तुम्हीच सांगा, साठीला टेकलेला माणूस, जन्मभर शिलाई मशीनवर वाकून पाठीला बाक आलेला, दोन्ही गुडघे आळीपाळीने कुरकुरतायत, तो सकाळी उठून मैदानाला फेऱ्या मारतोय, आणि कडेच्या पायवाटेने त्याचा मोठा भाऊ, गळ्याला मफलर, हातात छत्री, ऊन नाही पाऊस नाही पण छत्री हवीच, त्या छत्रीचं टोक माझ्याकडे करून ओरडतोय, "ढिला पडलास, ढिला पडलास." कशासाठी? माझी तब्येत सुधारावी म्हणून? छे हो. त्याची स्मरणशक्ती सुधारावी म्हणून. पळायचं मी, आणि डोकं चालायचं त्याचं. हसा, हसा. मीही हसलो होतो पहिल्या दिवशी.

नाही, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा गृहस्थ भावाच्या नावाने खडे फोडतोय. आमचं शिंप्याचं दुकान. घर वर, दुकान खाली, जिन्याने उतरलं की कामावर. दादा कापणार, मी शिवणार, ही वाटणी आमच्या वडिलांनी करून दिली आणि ते गेले. तेव्हापासून कात्री दादाची. म्हणजे दुसऱ्या कात्र्या आहेत दुकानात, धागे कापायच्या, कागद कापायच्या, पण ती मोठी, लोखंडी, जड, काळ्या मुठीची, ती त्याची. तिला मी हात लावलेला त्याला खपत नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी शिकली, नोकरीला लागली, माझे केस पिकले, होते तेवढे गळले, तरी दादा आपला, "थांब रे, तू अजून कच्चा आहेस." मी म्हणतो, अरे मग पिकणार कधी? सरणावर?

तर हा दादा. वकीलसाहेबांचा कोट आला होता शिवायला, काळा, कोर्टात घालायचा. कापड होतं थोडं कमी. आता तुम्हाला सांगतो, कापड भरपूर असलं की दुमडायचं आणि दोन्ही बाह्या एकदम कापायच्या, डावी-उजवी जोडी आपोआप निघते. कापड कमी असलं की एकेक बाही वेगळी काढायची, आणि दुसरीच्या वेळी मापाचा कागद उलटा करून ठेवायचा. एवढंच. आमच्या धंद्यातलं हे बाराखडीतलं 'क'. मी पहिली बाही जोडली, छान बसली. दुसरी घेतली, लावून बघतो, फिरवून बघतो, वर करून बघतो, खाली करून बघतो... मला वाटलं माझेच डोळे गेले. दोन्ही डाव्या. दादाने कापलेल्या. ज्या माणसाने उभ्या जन्मात अर्धं बोट कापड वाया घालवलं नाही, त्याने.

पदरचं कापड आणून दुसरी बाही काढून घेतली, म्हणजे दादाला काहीतरी कारण सांगून त्याच्याकडूनच कापून घेतली, शेजारी उभं राहून, "दादा, कागद उलटा ना?" असं सहज विचारल्यासारखं विचारत. एवढं करून काळ्यात काळं मिसळलं नाही ते नाहीच. वकीलसाहेबांनी उन्हात उभं राहून ओळखलं, एक बाही निराळी आहे. माझ्यापुढे पडलेली चुकीची बाही दादाने तेव्हाच बघितली असावी; त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "कापायला गेलो तर दोन्ही डाव्या निघाल्या होत्या," निघाल्या म्हणे, जशा काही झाडाला लागल्या होत्या. वकीलसाहेब भले, तसाच कोट घेऊन गेले.

आणि एक दिवस दुपारी, मी टीप मारतोय, हा टेबलावरून मान वर करून विचारतो, "ही अजून कशी आली नाही रे डबा घेऊन?" वहिनीला जाऊन किती वर्षं झाली म्हणून सांगू... तेव्हापासून तर तो आमच्याकडे जेवतो. मी म्हटलं, येईल. आणि मशीनला तेल घालत बसलो. मशीनला तेल सकाळीच घातलं होतं. पण मला भीती वाटली हो, आणि घाबरलेल्या माणसाने हाताला काय काम द्यायचं.

आता या सगळ्यात उंदीर कुठून आले, विचारा ना. आमच्या लेकीने आणले. तिची नोकरी एका प्रयोगशाळेत, काम काय, तर उंदरांचं सगळं बघायचं. पिंजरे धुवायचे, खायला घालायचं, वजनं करायची. आम्ही इतकी वर्षं दुकानात उंदीर येऊ नयेत म्हणून जिवाचं रान केलं आणि हिला त्यांना सांभाळायचा पगार मिळतो. तर ही एकदा जेवताना सांगायला लागली. म्हणाली, "काका, गंमत ऐका. म्हातारे उंदीर असतात ना, तेही विसरतात. रस्ता विसरतात, घर विसरतात. मग काही म्हाताऱ्या उंदरांना पिंजऱ्यात चाक दिलं, ते रोज पळाले. आणि त्यांच्या रक्तातलं पाणी काढून, म्हणजे लाल पेशी बाजूला काढून जे उरतं ते, दुसऱ्या म्हाताऱ्या उंदरांना टोचलं, जे नुसते बसून होते. तर त्या बसलेल्यांना रस्ते आठवायला लागले."

दादाचा घास हातात राहिला. म्हणाला, "न पळता?"

"न पळता. पळालं की यकृतातून काहीतरी रक्तात सुटतं, ते रक्तातून फिरतं आणि त्याचा मेंदूला फायदा होतो, असं दिसतंय."

"म्हणजे पळायचं एकाने आणि डोकं चालायचं दुसऱ्याचं."

"तसंच काहीसं," लेक म्हणाली, आणि पोळी उलटावी तसा दादा माझ्याकडे वळला. नुसता बघतोय. वरपासून खालपर्यंत. मला माप घेतल्यासारखं वाटलं.

इथे गप्प बसावं की नाही पोरीने? नाही. पुढे म्हणते, "आणि त्याच्या आधी तर तरुण आणि म्हातारा असे दोन उंदीर एकमेकांना शिवून ठेवायचे, कुशीला कुस लावून, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात फिरतं. म्हाताऱ्याला फायदा झाला, पण तरुण मात्र मंदावला." शिवून म्हटल्याबरोबर शिंपी जागा झाला. "शिवायचे? टाका कुठला? एकेरी की दुहेरी? उसवत नाही का? दोघं दोन दिशांना ओढत असतील की." लेक म्हणाली, ते मला नाही माहीत काका. हा म्हणाला, "तेच विचारायचं असतं आधी." मग आमची ही वाढता वाढता म्हणाली, "म्हाताऱ्याच्या रक्ताने तरुण मंदावतो ना? मग भाऊजींचं रक्त ह्यांना कुणी चुकूनसुद्धा देऊ नका. ह्यांना आणखी मंदावायला जागा नाही." घरचा आहेर म्हणतात तो हा.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत माझ्या पांघरुणाला छत्रीचा आकडा. "ऊठ. पळायचंय." मी म्हटलं, दादा, ते उंदीर होते. म्हणाला, "आणि तू कोण लागून गेलास?" म्हटलं, मग तू का पळत नाहीस? तर मला म्हणतो कसा, "मी पळायचं तर धाकटा भाऊ कशाला असतो?" आता या प्रश्नाला उत्तर आहे का कुणाकडे?

मी त्याला सरळ डॉक्टरीणबाईंकडे नेला. म्हटलं एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. हा खुर्चीवर बसायच्या आधी विचारतो, "ह्याचं रक्त मला केव्हा चढवायचं?" बाई शांत हो, फार शांत. म्हणाल्या, "आजोबा, ते उंदरांवरचं काम आहे. माणसांत असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि आम्ही असं देतही नाही. शिवाय तुमचे दोघांचे रक्तगटही वेगळे आहेत." त्यावर दादा भडकला. "सख्ख्या भावांचे गट वेगळे? आईने काय आम्हाला दोन दुकानांतून आणलं?" बाई म्हणाल्या, असतात वेगळे. "आणि यकृत तुम्हालाही आहे ना? तुम्ही रोज चाललात तर तुमच्याच रक्तात तुमच्याच कामाचं काहीतरी उतरेल. दुसऱ्याचं कशाला हवं?" दादा म्हणाला, "यकृत आहे हो. हौस नाही."

मग त्याला बाहेर बसवून बाईंनी मला आत ठेवलं. तुम्हाला सांगतो, त्या खोलीत एक वजनाचा काटा होता, मी सगळा वेळ त्या काट्याकडेच बघत होतो. म्हणाल्या, ही सुरुवात आहे. गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही. पण जे आहे ते जास्त दिवस टिकवता येतं. रोज चालणं, झोप, रक्तदाब, साखर, माणसांत राहणं, हाताला काम. काम अजिबात बंद करू नका. "फक्त ती कात्री," म्हणाल्या, "ती आता हळूहळू त्यांच्या हातून काढून घ्या. कापडाचं सोडा, एखाद दिवशी बोट जाईल."

घ्या. काम बंद करू नका आणि कात्री काढून घ्या. अहो, कात्री काढली तर त्याचं काम उरतं काय? राजाला म्हणायचं, तुम्ही राजेच हं, फक्त ते सिंहासन तेवढं द्या इकडे. घरी आलो तर ही म्हणते, "घ्या काढून." लेक म्हणते, "बाबा, घ्या काढून." सांगायला काय जातं? मी एकदा केलंही. दादा जेवायला वर गेला तेव्हा कात्री उचलली आणि चिंध्यांच्या गोणीत तळाशी घातली. तो आला. टेबलावर हात फिरवला. ड्रॉवर उघडला. मग टेबलाखाली वाकला, मग इस्त्रीमागे, मग पुन्हा तोच ड्रॉवर. मला विचारलं नाही हो. एका शब्दाने विचारलं नाही. त्याला वाटलं आपणच कुठेतरी ठेवली आणि विसरलो, आणि ते मला कळू नये म्हणून तो गुणगुणत शोधत होता. मला पुढची टीप दिसेना. उठलो, गोणी उपसली, म्हटलं, "ही बघ, चिंध्यांत पडली होती, माझाच धक्का लागला असेल." तर म्हणाला, "तरी मी सांगतो, तू कच्चा आहेस."

तर कात्री त्याच्या हातात आणि जीव माझ्या मुठीत, असे आमचे दिवस सुरू झाले. आणि सकाळचं पळणं? ते सुटलं असं वाटलं का तुम्हाला? अहो, त्याची तर खरी गंमत. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, ते हा घरी पोचेपर्यंत विसरला. उंदीर मात्र पक्के लक्षात. सकाळी पुन्हा छत्रीचा आकडा. मी लेकीकडे तक्रार केली, की बाई, तू लावलेलं लचांड आहे, तूच निस्तर. ती कपाळाला हात लावून बसली, आणि मग एकदम म्हणाली, "बाबा, काका स्वतःसाठी चालणार नाहीत. पण तुम्ही कामचुकारपणा करताय का ते बघायला चालतील की." आणि खरं सांगतो, पोरगी शिकली त्याचं सार्थक झालं, फक्त माझ्या गुडघ्यांच्या जिवावर झालं.

झालं. मी मैदानात, तो पायवाटेवर. मी जरा लांबच्या कडेला गेलो की त्याला वाटायचं, हा तिथे झाडाआड बसणार, म्हणून तो तरातरा तिथपर्यंत. मी मुद्दाम बसायचो, म्हणजे तो आणखी तरातरा. मी मुद्दाम बसायचो असं मी घरी सांगतो. खरं म्हणजे दम लागायचा. महिने गेले. दादाचे गाल जरा वर आले, झोपायला लागला नीट, जिन्यावर पूर्वी दोनदा टेकायचा तो टेकेनासा झाला. बाईंनी तपासलं, म्हणाल्या, सुधारणा म्हणता येणार नाही, पण घसरण थांबल्यासारखी आहे सध्या, चालू ठेवा. सध्या म्हणाल्या. मी त्या सध्यावर घरी येताना मिठाई घेतली. माझा एक गुडघा मात्र कामातून गेला. पळायचं मी, आणि डोकं चालायचं त्याचं, हे इतकं शब्दशः खरं होईल असं कुणाला वाटलं होतं.

आता पुढचं ऐका. एका सकाळी मी फेरी संपवून बाकाच्या मागच्या नळावर तोंड धूत होतो. बाकावर दादा, आणि शेजारी कोण, तर वकीलसाहेब, तेही फिरायला येतात. त्यांना मी दिसत नव्हतो. वकीलसाहेब म्हणत होते, "भाऊ बरे पळतात हो तुमचे या वयात."

दादा इकडेतिकडे बघून आवाज खाली करून म्हणाला, "पळवतो मी त्याला. काय करणार? डोक्याचा आजार झालाय त्याला."

मी ओंजळीत पाणी घेऊन तसाच उभा.

"विसरतो हो सगळं. दुकानात मशीनला दिवसातून दोन-दोनदा तेल घालतो. माझी कात्री उचलून चिंध्यांत टाकतो. तुमच्या कोटाच्या त्या दोन डाव्या बाह्या... त्यानेच केलं ते. त्याच्यावर रागावू नका. मी तुम्हाला काही बोललो नाही तेव्हा, आपल्याच भावाची लाज चारचौघांत कशी काढायची? डॉक्टरीणबाईंनीही त्याला आत घेऊन वेगळं समजावलं, मला बाहेर बसवून. तेव्हाच मी ओळखलं." मग नाक पुसलं त्या मफलरने. "माझं रक्त द्यायला मी तयार होतो. बाई म्हणाल्या, गट जुळत नाहीत. मग म्हटलं, निदान त्याला रोज इथे आणू. एकटा यायचा नाही तो. लहानपणापासून त्याला माझ्याशिवाय कुठे जायची सवय नाही."

वकीलसाहेब म्हणाले, "असा भाऊ मिळायला भाग्य लागतं." लागतं हो. मला मिळालंय की. पुढे होऊन सांगू, की दादा, तो मी नाही, तो तू? आणि सांगून मिळवणार काय? मी पुन्हा तोंड धुतलं. मगाशी धुतलं होतं, पण पुन्हा धुवावं लागलं.

झालं, ही बातमी सगळीकडे झाली. आता फुलवाला मला मोठ्याने विचारतो, "काय काका, आज ओळखलंत का आम्हाला?" इस्त्रीवाला सुटे पैसे माझ्या हातात देऊन माझी मूठ स्वतः मिटतो. मी हिला सांगितलं तर ही म्हणाली, "असू द्या. भाऊजींना बरं वाटतंय ना? शिवाय मी सांगितलेलं सामान तुम्ही तसेही विसरताच."

आणि मागच्या आठवड्यात... हे मात्र नीट ऐका. वकीलसाहेबांनी नवा कोट शिवायला टाकला. दादाने टेबलावर कापड पसरलं, खडूची पेटी उघडली, आणि कात्री हातात घेऊन नुसता उभा राहिला. मी मशीन थांबवलं. मला वाटलं आता विचारतो डबा कुठाय म्हणून. तर त्याने कात्रीची मूठ माझ्याकडे केली.

"धर," म्हणाला. "आजपासून तू कापायचंस. डोक्याला चालना मिळते म्हणे, नवीन काही केलं की. घाबरू नकोस. मी आहे शेजारी."

तुम्हाला सांगतो, जन्मभर ज्या कात्रीसाठी झुरलो, मनातल्या मनात जिच्यासाठी भावाशी शंभर भांडणं भांडलो आणि शंभरही हरलो, जी काढून घ्यायची कशी या विचाराने मला झोप नव्हती, ती त्याने आपण होऊन माझ्या हातात दिली, आणि वर, ती जड म्हणून, माझा हात खालून आपल्या हाताने धरून ठेवला. त्याचा हात स्थिर होता. विसर पडला डोक्याला, हाताला नाही. आणि मी, चांगला शहाणासुरता माणूस, डोळ्यांपुढे सगळं धुरकट, कापड दिसेना, खडूची रेघ दिसेना, आणि तशाच डोळ्यांनी मी कापलं. कापड कमीच होतं यावेळीही. पहिली बाही काढली. दुसरी काढली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

दोन्ही डाव्या.

दादाने बघितल्या. एक उचलली, फिरवली, दुसरीवर ठेवली. मला वाटलं आता सगळी गल्ली डोक्यावर घेतो, आता म्हणतो कच्चा, कच्चा, कच्चा. तर त्याने बाह्यांची हळूच गुंडाळी केली, चिंध्यांच्या गोणीत अगदी खाली घातली, कुणी बघत नाही ना ते दाराकडे बघून घेतलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला,

"असू दे. होतं असं. उद्यापासून दोन फेऱ्या जास्त पळ."